फिकट प्रतीचा धनी

मार्तंडराव देऊळगावकरांच्या पलंगाखाली तीन ट्रंका होत्या आणि त्या ट्रंकांत बुलढाणा जिल्ह्याचं राजकारण भरलेलं होतं. निदान मार्तंडराव तसं म्हणत. सुलभाबाई म्हणत, त्यांत झुरळं आहेत. ट्रंका उघडल्या की दोघांचंही म्हणणं खरं निघे.

मार्तंडराव म्हणजे नागपूरच्या एका दैनिकाचे जिल्हा वार्ताहर. पदवी मोठी वाटते, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं की त्या दैनिकाचा बुलढाण्यातला वार्ताहर, जाहिरातवाला, वसुलीवाला आणि पोऱ्या आजारी पडला तर अंक टाकणारा, सगळं एकाच माणसाच्या अंगावर होतं. उभ्या नोकरीत बातमीवर त्यांचं नाव एकदाही छापून आलं नाही. ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच येई. मार्तंडराव स्वतःच म्हणत, “लेकरू आपलं, पण शाळेत नाव मामाचं.” त्यांची ही खोड चांगली होती. लोकांनी हसायच्या आत ते स्वतःला हसून घेत, मग लोकांना हसायला काही उरत नसे. सत्काराच्या शाली इतक्या जमल्या की सुलभाबाईंनी त्यांच्या गाद्यांना खोळी शिवल्या. त्यावर मार्तंडराव आल्यागेल्याला सांगत, “आपण रोज लोकशाहीवर झोपतो.”

एका गोष्टीला मात्र ते कधी हसले नाहीत. ती म्हणजे धाडची मिरची.

फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा बातमी पाठवायला एसटीचा कंडक्टर लागे. धाड गावच्या बाजारात एका मंत्र्यांची सभा होती. बाजाराच्या मधोमध मंच घातलेला आणि मंचाच्या पुढ्यात एक म्हातारी मिरचीचा ढीग मांडून बसलेली. पोलिसांनी उठ म्हटलं, ती उठेना. माझी जागा आधीची, म्हणाली. अखेर सभा तिच्या डोक्यावरून झाली. नागपूरच्या अंकात दुसऱ्या दिवशी त्या बातमीचा शेवट असा आला: ‘मंत्रिमहोदय तासभर बोलले. तेवढ्या वेळात त्यांच्या पुढ्यातल्या बाईची मिरची विकून झाली. सभेत खपलेला माल तेवढाच.’

मंत्री चिडले आणि जिल्हा हसला. पुढे बुलढाण्यात कुणाचं भाषण लांबलं की मागच्या रांगेतून हमखास आवाज यायचा, “मिरची खपली का बे?” त्या बातमीचं कात्रण मार्तंडरावांनी प्लास्टिकमध्ये घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, शर्ट बदलले तरी कात्रण बदललं नाही. ही गोष्ट ते चहाच्या टपरीवर सांगत, लग्नाच्या पंगतीत सांगत, आणि एकदा तर एका शोकसभेत सांगून बसले. सांगता सांगता गोष्टीने बाळसं धरलं. आधी नुसती म्हातारी होती. मग तिच्या दंडात चांदीची वाकी आली. मग तिच्या मागे एक बकरी बांधली गेली. पुढे पुढे तर ती बकरी मंत्र्यांचं भाषण ऐकून एकदा ओरडतही असे.

ऐकणाऱ्यांत बहुतेक वेळा देवानंद असायचा. देवानंद औरंगाबादच्या दैनिकाचा वार्ताहर, धाडकडचाच, शेतकऱ्याच्या घरचा. माणूस अबोल आणि कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. संपादक असो की आमदार, कुणाला चांगलं म्हणायचं तर त्याच्या जिवावर येई. पण मिरचीची गोष्ट संपली की तो विडी विझवत हटकून म्हणे, “मार्तंडराव, तसं तुम्ही पुन्हा नाई लिवलं.” सगळ्या शाली एका पारड्यात टाकल्या असत्या तरी मार्तंडरावांना देवानंदाचं हे वाक्य जड वाटलं असतं. कंजूष माणसाने दिलेलं होतं ना.

देवानंद गेल्या वर्षी गेला. जाण्याआधी त्याने आपली सगळी कागदपत्रं बुलढाण्याच्या एका कॉलेजला देऊन टाकली होती. त्या कॉलेजने जिल्ह्याच्या जुन्या कागदांचा संग्रह सुरू केला होता, त्याला स्वतंत्र खोली आणि लोखंडी कपाटं होती. मार्तंडराव एकदा सहज म्हणून डोकावले तर एका कपाटावर पाटी: ‘देवानंद संग्रह’. त्यांना मित्र गेल्याचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर त्या पाटीने जास्त टोचलं. “मेल्यावरही हा माह्या पुढंच बसला,” ते घरी येऊन म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात तीन ट्रंका घालून कॉलेजात पोचवून आले. पलंगाखाली केर काढता येईल म्हणून सुलभाबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

मग रोज फोनची वाट पाहणं सुरू झालं. आपल्या नावाची पाटी कोणत्या रंगाची असावी इथपर्यंत विचार झाला. त्र्याहत्तरीचा माणूस, पण पहिल्या नोकरीच्या तारेची वाट पाहत असल्यासारखा फोनपाशी बसून. शेवटी संग्रहाचं काम पाहणाऱ्या इरा मॅडमचा फोन आला. भेटायला या, म्हणाल्या. मार्तंडराव जाकीट घालून गेले.

इरा अकोल्याची, जुन्या कागदांच्या जतनाचं पुण्यात शिकून आलेली, तिशीच्या आतली. तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि डॉक्टर वाईट बातमी सांगताना वापरतात तसा आवाज काढला.

“सर, थोडी अडचण आहे. तुमचे कागद आमच्याकडे आधीच आहेत.”

“म्हणजे?”

“देवानंद सरांच्या संग्रहात. अगदी हेच. त्याच सभा, तीच वाक्यं. मी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पाहिले. आमच्याकडे जागा कमी आहे, एकाच गोष्टीच्या दोन प्रती ठेवता येत नाहीत. आणि तुमच्याकडच्या बऱ्याचशा फारच फिकट आहेत, वाचताही येत नाहीत. म्हणून...”

“म्हणून मी त्याचं कॉपी केलं असं वाटून राह्यलं का तुम्हाले?” जाकीट घातलं की मार्तंडराव प्रमाण मराठी बोलत. पण पारा चढला की जाकीट अंगावर राही आणि मराठी वऱ्हाडात उतरे.

“तसं नाही सर,” इरा म्हणाली, पण तिला तसंच वाटत होतं आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

चाळीस वर्षांची हयात अशी एका वाक्यात रद्दीत निघाली होती. ट्रंका परत घरी न्यायच्या, पलंगाखाली सारायच्या, आणि सुलभाबाईंना सांगायचं की आपण कुणाची तरी दुसरी प्रत आहोत. हे काही त्यांना जमण्यासारखं नव्हतं. म्हणून मग त्यांनी जी गोष्ट चौघा वार्ताहरांनी आयुष्यभर संपादकांपासून लपवली होती ती एका परक्या पोरीला सांगून टाकली.

बुलढाण्यात त्या वेळी बाहेरगावच्या दैनिकांचे चार वार्ताहर होते. मार्तंडराव, देवानंद, उकंडराव आणि तुळशीराम. संपादकांच्या दृष्टीने हे चौघे एकमेकांचे हाडवैरी. प्रत्यक्षात चौघांनी पाळ्या लावून घेतलेल्या होत्या. सभेला एकानेच जायचं. खाली तीन कार्बन घालायचे आणि बॉलपेन दाबून लिहायचं. वरची प्रत आणि कार्बनच्या तीन, अशा चौघांना चार. मग बसस्टँडवर बसून प्रत्येकाने आपल्या प्रतीवरून बातमी उतरवून काढायची, पहिलं वाक्य तेवढं बदलायचं आणि पाकीट आपापल्या दैनिकाच्या गावी जाणाऱ्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. संपादक खूश, बायका खूश. एकच नवरा उन्हात आणि तिघे घरी.

“नागपूरची अन् औरंगाबादची गाडी आधी सुटे,” मार्तंडराव म्हणाले. “म्हणून वरची ठळक प्रत मी लिवली तं देवानंदले, त्यानं लिवली तं मले. बाकी दोघांले मधल्या. अन् जो लिवते त्यानं सगळ्यात खालची ठेवायची, फिकट. त्याले पाठच राहते ना सारं. वाचाले कायले पायजे?”

इराने पुढे वाकून विचारलं, “म्हणजे तुमच्या गठ्ठ्यात जे फिकट आहे...”

“ते माहं! अन् देवानंदच्या कपाटात जे ठळक आहे तेही माहंच.”

“आणि तुमच्या गठ्ठ्यातलं ठळक?”

“ते त्याचं,” मार्तंडराव उदारपणे म्हणाले. “हाताची खूण आहे. मी शब्दाच्या डोक्यावर रेघ मारतो. देवानंद घाईत रेघच नसे मारत. त्याची अक्षरं बोडकी.”

इराने एक ठळक कागद देवानंदाच्या कपाटातून काढला. रेघ होती. तिचा चेहरा एकदम बदलला. आपण काय काढून टाकणार होतो हे तिला कळलं. एक संग्रह दुसऱ्यावाचून अर्धा होता. तिने जागेवरच सांगितलं की तुमचे कागद आम्ही घेऊ, तुमच्या नावाने घेऊ, पण एक काम तुम्हालाच करावं लागेल. दोन्हीकडच्या प्रत्येक कागदाला एक चिठ्ठी लावायची. लिहिणारा मार्तंड असेल तर ‘मा’, देवानंद असेल तर ‘दे’, बाकीच्यांची त्यांची अक्षरं. तुम्ही म्हणाल ते आम्ही धरू, ती म्हणाली. विचारायला दुसरं कुणीच नव्हतं. उकंडराव कधीचे वारले होते आणि तुळशीराम नागपूरला मुलाकडे होता, त्याला आता मुलाचंही नाव आठवत नसे.

मार्तंडराव रोज दुपारी डबा घेऊन संग्रहाच्या खोलीत जाऊ लागले. आपलं लिखाण एवढ्या वर्षांनी सलग वाचायचं म्हणून पहिले काही दिवस मोठ्या हौसेचे होते. नंतर ती हौस ओसरली. त्यांच्या लक्षात आलं की आपल्या प्रत्येक बातमीत ‘वातावरण भारावून गेले’ आहे. मुख्यमंत्र्यांच्या सभेत भारावून गेलं होतं, ते ठीक. पण कलेक्टरची बदली झाली तेव्हाही गेलं होतं, आणि चिखलीच्या सार्वजनिक संडासाचं उद्घाटन झालं तेव्हाही. त्यांनी तो कागद इराला वाचून दाखवला.

“तिथलं वातावरण नक्कीच भारावलेलं असणार सर,” इरा गंभीरपणे म्हणाली, आणि दोघंही खोखो हसली.

“चाळीस वर्षं मी एकच बातमी लिवली पोरी,” मार्तंडराव डोळे पुसत म्हणाले. “नावं तेवढी बदलत गेली. पण थांब. मिरची सापडू दे. मग तुले समजन.”

मिरचीचा किस्सा इराला एव्हाना बकरीसकट पाठ झाला होता. मार्तंडरावांनी नियमाप्रमाणे ती बातमी देवानंदाच्या कपाटात शोधायला घेतली, कारण आपण लिहिलेलं ठळक तिथेच असणार. ती सापडली. पण सापडली ती इतकी फिकट की खिडकीपाशी नेऊन, उजेडात तिरपी धरून वाचावी लागली. गोंधळ झाला असेल, त्यांनी मनाशी म्हटलं, प्रती वाटताना अदलाबदल झाली असेल. त्यांनी आपली ट्रंक उघडली. त्याच महिन्याच्या गठ्ठ्यात मिरची होती. वरची प्रत, निळीभोर, कालच लिहिल्यासारखी ठळक. शेवटची ओळ स्वच्छ वाचता येत होती: सभेत खपलेला माल तेवढाच. आणि एकाही शब्दावर रेघ नव्हती. सगळी अक्षरं बोडकी.

मार्तंडरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरांवर रेघ काही उगवली नाही. त्यांनी कागद उलटा घालून ठेवला आणि डबा न उघडताच घरी गेले.

घरी त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात सुलभाबाईंना विचारलं की ती धाडची सभा झाली त्या दिवशी मी कुठे होतो.

“कुठं असणार? खामगावले,” सुलभाबाई भाजी निवडत म्हणाल्या. “माह्या भावाचं लग्न होतं. आहेराचं पाकीट नाई, नुसतं उपरणं दिलं म्हणून रुसून बसले होते तुम्ही. जेवणाले उठून राह्यले नव्हते.”

“अन् मी इतकी वर्षं धाडची गोष्ट सांगून राह्यलो, तवा तू बोलली काऊन नाही?”

“मले काय माहीत?” सुलभाबाई म्हणाल्या. “मले वाटलं, पत्रकाराले दोन्हीकडं राहता येत असन.”

आता मार्तंडरावांना एकेक आठवू लागलं. पाळी त्यांचीच होती, लग्नामुळे देवानंदाने घेतली होती. संध्याकाळी ते खामगावहून आले, बसस्टँडवर देवानंदाने कागद हातात दिला, नागपूरची गाडी लागलेली होती. त्यांनी बाकावर बसून तो कागद अक्षर न् अक्षर आपल्या हाताने उतरवला, प्रत्येक शब्दावर रेघ मारत. शेवटची ओळ उतरवताना त्यांना हसू आलं होतं, तेही आठवलं. ती ओळ बाकी तिघांच्या संपादकांनी, अगदी देवानंदाच्याही, पोरकट म्हणून कापून टाकली होती. छापून आली ती एकट्या नागपूरच्या अंकात. सकाळी लोकांनी पाठीवर थाप मारली, आणि एवढ्या थापा पडल्यावर आपण धाडला नव्हतो हे आठवत बसणारा माणूस मार्तंडराव तरी नव्हता. ती म्हातारी, ती वाकी, ती बकरी त्यांना इतकी स्पष्ट दिसे की ती आपण पाहिलीच नाही यावर आताही त्यांचा नीटसा विश्वास बसेना.

मग त्यांना देवानंदाचं ते वाक्य आठवलं. मार्तंडराव, तसं तुम्ही पुन्हा नाई लिवलं.

जेवता जेवता त्यांना ठसका लागला. म्हणजे तो बेटा दरवेळी स्वतःची पाठ थोपटून घेत होता! तेही आपल्या तोंडावर, आपल्याच चहावर! आणि आपण ते दान म्हणून पदरात घेत होतो. मार्तंडरावांना आधी भयंकर राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. लाज तर वाटतच होती. पण सगळ्यांत वाईट याचं वाटलं की आता भांडायला जावं तर देवानंद नव्हता. त्याच्या घरासमोर उभं राहून चार शिव्या घातल्या असत्या, त्याने विडी विझवत हसून ऐकल्या असत्या, आणि गोष्ट मिटली असती. रात्रभर ते लोकशाहीवर कूस बदलत पडले होते.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या कागदासमोर बसले. इरा पाठमोरी कपाट लावत होती. तिने काही पाहिलं नव्हतं, आणि मार्तंडराव म्हणतील ते धरायचं हे तिनेच ठरवलेलं होतं. एक ‘मा’ लिहायचा अवकाश, मिरची कायमची त्यांची झाली असती. बाकी सगळी भारावलेली वातावरणं गेली वाऱ्यावर. वाचण्यासारखी एकच ओळ होती आयुष्यात, तीसुद्धा द्यायची? मार्तंडरावांनी पेन उघडलं, झाकलं. डबा खाल्ला. पुन्हा उघडलं. दिल्याने आपल्याजवळ काय उरतं याचा त्यांनी हिशेब मांडून पाहिला आणि उत्तर संडासाचं उद्घाटन असं येऊ लागलं.

शेवटी त्यांनी ‘दे’ लिहिलं आणि चिठ्ठी लावून टाकली. का लिहिलं, याचं त्यांच्याजवळ फार मोठं कारण नव्हतं. त्या बोडक्या अक्षरांकडे पाहत खोटं लिहिणं हाताला जमलं नाही, एवढंच.

संग्रह लोकांसाठी खुला करण्याचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात झाला. मार्तंडरावांच्या नावाची पाटी देवानंदाच्या शेजारच्या कपाटावर लागली होती आणि तिचा रंग हिरवा होता, जो त्यांनी ठरवला नव्हता. पण मंचाकडे नजर गेली आणि त्यांचे पाय थबकले. मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत ती ओळ होती: सभेत खपलेला माल तेवढाच. आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा, लिहिणाऱ्याचं नाव: मार्तंड देऊळगावकर.

“सर, फलक मॅनेजमेंटने आधीच छापायला दिला होता,” इरा घाईघाईने त्यांच्या कानाशी म्हणाली. तिने चिठ्ठी वाचली होती. “मला आज सकाळी कळलं. काय करायचं?”

“मी पाहतो,” मार्तंडराव म्हणाले.

प्रमुख पाहुणे होते रंगराव, जिल्हा परिषदेचे जुने सदस्य. त्यांनी भाषणात मिरचीचा किस्सा सांगितला, लोक हसले. मग मार्तंडराव बोलायला उभे राहिले. हे नाव मिळावं म्हणून ट्रंका रिक्षात घातल्या होत्या, आणि मिळाल्यावर ते आपल्याच हाताने पुसायचं होतं.

“मंडळी,” ते म्हणाले, “ही ओळ माझी नाही. ती देवानंदाची आहे. मी त्या दिवशी धाडला नव्हतो.”

सभागृहात हशा पिकला.

“खरंच सांगतो. मी खामगावला लग्नात होतो.”

हशा वाढला. आयुष्यभर स्वतःची टर उडवून ठेवली, त्याचं फळ हे असं. म्हाताऱ्याने नवा किस्सा काढला असंच सगळ्यांना वाटलं. मार्तंडरावांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तर पुढच्या रांगेतल्या एकाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रंगरावांना राहवलं नाही, त्यांनी माईक ओढून घेतला.

“पाहा, किती नम्र माणूस! अहो, मी स्वतः होतो त्या सभेले. मार्तंडराव माह्या बाजूले बसून लिवत होते. ती बकरीसुद्धा मी पाह्यली!”

मार्तंडराव खाली बसले. सत्काराची शाल अंगावर पडली. मिरची द्यायला निघालेल्या माणसाकडून जिल्हा ती परत घेईना, आणि हसावं की रडावं हे त्यांना कळेना.

चहाच्या वेळी खुर्च्यांच्या गर्दीतून देवानंदाची बायको गीताबाई त्यांच्याजवळ आली. ती मागच्या रांगेत बसली होती, आणि इरा सोडली तर सगळ्या सभागृहात ती एकटी हसली नव्हती. मार्तंडराव हात जोडून उठले.

“वहिनी, मी सांगतलं. पण कोणी आयकूनच नाई राह्यलं.”

“म्या आयकलं ना,” गीताबाई म्हणाली. “लय दिवस लावले भाऊजी तुम्ही.”

“तुम्हाले माहीत होतं?”

“हाव. त्यायनंच तं लिवलं. घरी येऊन मले सांगतलं होतं त्या रोजी.”

“मग तो बोलला काऊन नाही कधी? एक शब्द बोलला असता!”

गीताबाईने पदर सावरला. “म्या कितीकदा म्हटलं, सांगा त्यायले. तं म्हणत, राहू दे. म्या तिथं जाऊन एवढं पाह्यलं नाई, जेवढं मार्तंडरावनं न जाता पाह्यलं. दरखेपी काही नवीनच निंघते. घरी येऊन मले सांगत अन् एकटेच हासत. बकरी आली त्या रोजी तं जेवलेच नाई हासूहासू.”

मार्तंडरावांनी हातातला चहा खाली ठेवला. गीताबाई खालच्या आवाजात म्हणाली, “ते गेल्यापासून कोणी सांगतलीच नाई घरात ती गोष्ट. एकडाव सांगता का? तुमच्यासारखी.”

मार्तंडरावांनी दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या, तिला बसवलं, स्वतः बसले आणि सुरुवात केली. धाडचा बाजार होता. ऊन मी म्हणत होतं. म्हातारीच्या दंडात वाकी होती आणि बकरी तिच्या मागे बांधलेली होती, त्यातलं त्यांनी काहीही कमी केलं नाही. फक्त या खेपेला मिरचीच्या ढिगाशेजारी एक तरणा पोरगा मांडीवर कागद घेऊन बसला होता आणि मान वर न करता भराभरा लिहीत होता.